वाघिणीला कुणी बोलावलं?

हाताची पालथी बाजू ओठांना लावायची, ओठ घट्ट दाबायचे आणि हवा आत ओढायची. जमलं तर जो आवाज निघतो तो फाशात अडकलेल्या सशाचा असतो. आधी लांबलचक, मग तुटक तुटक, मग दमत गेलेला. नाही जमलं तर नुसता मुका घेतल्याचा आवाज येतो आणि आजूबाजूचे हसतात. माझ्या आबाजींना तो इतका साधायचा की घरची मांजर अंगण ओलांडून धावत यायची आणि त्यांच्या पायाशी येऊन ससा शोधायची.

आमचं वावर राळेगाव तालुक्यात आहे, बोराटीपासून पाच-सहा किलोमीटरवर. साडेसात एकर. तीन बाजूंना भाऊबंदांची आणि शेजाऱ्यांची वावरं, चौथ्या बाजूला नाला, नाल्यापलीकडे जंगल. मी शाळेत होतो तेव्हा आमच्याकडे भुईमूग असायचा. (आता आमच्या शिवारात कुणी लावत नाही, डुकरं ठेवतच नाहीत.) भुईमूग भरत आला की कोल्हे यायचे, उकरून शेंगा खायचे. आबाजी मला जागलीला न्यायचे. मचाणावर बसून, चांदणं चढलं की हात तोंडाला लावून ससा रडवायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं काही नाही. मग पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये एक कान हलायचा.

आबाजी कोल्ह्याला मारत नसत. वीस पावलांवर येऊ द्यायचे आणि मग एक ढेकूळ असं फेकायचे की ते त्याच्या पुढच्या पायांशी फुटायचं. त्यांचा हिशोब सोपा होता. एकदा फसलेला कोल्हा त्या आवाजाला पुन्हा येत नाही आणि ज्या वावरात फसला तिथे पाय टाकताना दहादा विचार करतो. "त्याची शाळा झाली," म्हणायचे. वर्षभरात आमच्या शिवारातले सगळे कोल्हे शिकून निघाले. मग आबाजी कितीही ससा रडवोत, कोल्हा धुऱ्यावर लांब बसून बघत राहायचा. येत नसे आणि जातही नसे.

धुरा म्हणजे बांध, दोन वावरांमधला. पुण्यात हा शब्द मला रोज समजावून सांगावा लागतो, म्हणून इथेही सांगितला. पुढे तो बराच येणार आहे.

ही हाक आबाजींना एका फासेपारध्याने शिकवली होती. ते लोक तेव्हा हिवाळ्यात यायचे, बेडा गावाबाहेर पडायचा, आणि एक म्हातारा आबाजींकडे येऊन विचारायचा, "मालक, दोन दिवस तुमच्या वावरात बसू का?" इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का या लोकांवरून १९५२ साली निघाला म्हणतात, पण गावाच्या नजरेतून तो कधीच निघाला नव्हता. त्यामुळे न विचारता कुणाच्या वावरात शिरणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. आबाजी हो म्हणायचे. म्हाताऱ्याजवळ एक पिंजरा असे आणि पिंजऱ्यात पाळलेला तितर. पिंजरा वावराच्या मधोमध ठेवायचा, भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे लावायचे आणि लांब जाऊन बसायचं. पिंजऱ्यातला तितर ओरडायला लागला की त्या वावराचा तितर तावातावाने येई. दाण्यासाठी नाही. माझ्या जागेत हा कोण ओरडतो, ते बघायला. फाशात पाय जाईपर्यंत त्याला पिंजरा दिसत असे, फासे दिसत नसत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सगळं गुन्हा झालं आणि पुढे म्हातारा यायचा थांबला. पण त्याचं एक वाक्य आबाजी मला सांगायचे. उपाशी जनावर पोटासाठी येते, ते एकदा फसते. पोट भरलेलं जनावर रागानं येते, ते पुन्हा पुन्हा फसते.

हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं ते २०१८ मध्ये, आणि तेही आधी यूट्यूबवर.

तेव्हा मी यवतमाळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जिओचं नेटवर्क आमच्या मचाणावर घरापेक्षा चांगलं यायचं. अमेरिकेतल्या रँचवर कायोटी बोलावणाऱ्यांचे व्हिडिओ मी एकामागून एक बघत होतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा लहान. वासरं, मेंढ्या उचलतो म्हणून रँचवाले शिकाऱ्यांना आपल्या जमिनीत येऊ देतात. शिकारी अंगावर गवतासारखे कपडे घालून बसतो आणि एका छोट्या स्पीकरमधून जखमी सशाचा आवाज लावतो. मी उडालोच. आबाजींचा ससा टेक्सासमध्ये! आणि पुढचं ऐकून जास्तच उडालो: जिथे खूप शिकारी येऊन गेलेत तिथले कायोटी सशाला येत नाहीत. आले तरी वाऱ्याच्या खालच्या अंगाने लांबून वळसा घालून येतात, आधी वास घेतात, माणूस लागला की परत. अशांना बोलवायचं तर ससा बंद करायचा आणि परक्या कायोटीची कुई लावायची. तुझ्या जागेत कुणीतरी आलंय, एवढंच सांगायचं. मी मचाणावर एकटाच म्हणालो, हा तर पारध्याचा तितर.

त्या वर्षी मी कॉलेज सोडून घरी का होतो, ते आता सांगतो.

जून २०१६ पासून आमच्या भागात माणसं मरत होती. पहिला बळी बोराटीच्या शिवारात. ऑगस्ट २०१८ पर्यंत राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा जण गेले. कुणी कापसात, कुणी गुरांमागे. वनखात्याच्या कागदावर वाघिणीचं नाव टी-वन होतं. अवनी हे नाव आम्ही फोनमध्ये वाचलं. गावात तिला कुणी कधी अवनी म्हटलं नाही, टी-वनही नाही. नुसतं 'ती'. "ती सराटीकडे गेली म्हणते." तेरापैकी प्रत्येक बळीचा पुरावा सारखाच पक्का नव्हता, त्याच भागात एक नर वाघही फिरत होता, हे सगळं नंतर कोर्टात आणि पेपरात आलं. पण संध्याकाळी पाच वाजता बाई वावरातून घरी आली नसेल तर डीएनए कोण विचारतं?

शहरातल्या मित्रांना वाटतं आम्ही जंगलात राहतो. तसं नाही. टिपेश्वरचं अभयारण्य पांढरकवड्याच्या पलीकडे, दीडशे चौरस किलोमीटरचंही नाही. तिथले तरुण वाघ बाहेर पडतात. २०१९ मध्ये तर तिथून निघालेला एक वाघ चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. बाहेर पडलं की जंगलाचे तुकडे आणि मध्ये आमची वावरं. ती ज्या मुलखात फिरायची त्यात किती जंगल, किती नाले आणि किती लोकांचे सातबारे होते ते मोजलं तर आम्ही तिच्या जागेत होतो की ती आमच्या, याचा निकाल लागला नसता.

बाबांनी मला फोन करून बोलावलं नव्हतं. आईनं बोलावलं. बाबा एकटेच जागलीला जात होते. सोयाबीन कापून गंजी लागली होती, डुकरं रात्रीतून गंजी उधळून टाकतात. खात्याची गाडी येऊन भोंग्यावर सांगून जायची, रात्री वावरात जाऊ नका, दिवसा एकटं जाऊ नका. बाबा ऐकायचे, मान हलवायचे आणि कंदील घेऊन निघायचे. आदल्या वर्षी बोंडअळीनं कापूस गेला होता. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं दगावली. त्यांच्यासाठी हत्ती आले नव्हते, असं बाबा एकदा म्हणाले. एकदाच.

कारण तिच्यासाठी खरंच हत्ती आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबरला आदेशात हात घालायला नकार दिला. आधी बेशुद्ध करून पकडा, नाहीच जमलं तर गोळी. मग सगळा जथा आमच्याकडे उतरला. लोणीला तळ पडला. दोनशेच्या आसपास माणसं, शंभरेक कॅमेरे, मध्य प्रदेशातून चार हत्ती आणि ताडोबाचा एक, ड्रोन, हैदराबादचे नेमबाज. जनावरं बांधून बघितली. ती येऊन आमिष खाऊन निघून जायची किंवा यायचीच नाही. ताडोबाचा हत्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला साखळी सोडून पळाला आणि चाहांदला एका बाईचा जीव गेला. वाघिणीपासून वाचवायला आणलेल्या हत्तीनं! त्यानंतर हत्ती परत गेले. मग एक गोल्फ खेळाडू आपली इटालियन जातीची दोन कुत्री घेऊन आले. वरून पंखा लावलेलं ग्लायडर फिरलं. आम्ही पोरं रोज संध्याकाळी पारावर बसून आज काय आलं त्याची यादी करायचो.

मला मात्र आबाजींचे कोल्हे आठवत होते. प्रत्येक फसलेल्या डावागणिक तिची शाळा होत होती. दोन वर्षांत ती गाडीचा आवाज शिकली, बॅटरीचा झोत शिकली, बांधलेल्या जनावराचं ओरडणं आणि मोकळ्या जनावराचं ओरडणं यातला फरक शिकली. दोन बछडे सोबत होते, दहा-अकरा महिन्यांचे. तीही शिकत असणार.

आता माझा मूर्खपणा.

कोजागिरीच्या दोन दिवस आधीची रात्र. बाबा आणि मी मचाणावर. चांदणं इतकं की पऱ्हाटीवर फुटलेलं एकेक बोंड दिसत होतं. साडेदहा वाजले असतील. बाबा डुलक्या देत होते. मी एक कायोटीचा व्हिडिओ संपवला, फोन खाली ठेवला आणि का कोण जाणे, हात तोंडाला लावून ससा रडवला. आबाजी गेल्यापासून केला नव्हता. पहिल्यांदा फसला. दुसऱ्यांदा जमला, अगदी त्यांच्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी तो तीनदा केला. चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा बाबांनी माझ्या मनगटावर अशी थाप मारली की घड्याळाची काच तडकली.

"कोणाले बलावून राह्यला बे तू?"

मला तेव्हा समजलं मी काय केलं. सतरा दिवसांवर दिवाळी, दोनशे माणसं जिला शोधतायत ती कुठेतरी या मुलखात, आणि मी सशाच्या आवाजात सांगत होतो की इथे ये.

बराच वेळ काही नाही. मग नाल्यापलीकडून चितळ ओरडलं. एकदा. थांबून पुन्हा. मग सागावरची वानरं खोकल्यासारखी ओरडायला लागली, आणि तो आवाज नाल्याच्या कडेकडेनं डावीकडून उजवीकडे सरकत गेला, जसं कुणी चालत जावं तसं. बाबांनी कंदील विझवला, मग पुन्हा लावला, मग काय करावं न कळून तो दोन पायांच्या मध्ये धरून बसले. मी त्यांचा हात धरला होता हे मला सकाळी कळलं, बोटं सुटेनात तेव्हा.

उजाडल्यावर, चांगलं ऊन पडल्यावर उतरलो. नाल्याच्या अंगाला आमच्या धुऱ्यावर एक मोह आहे, तिरपा वाढलेला. बाबा पुढे होते. मोहापाशी थांबले आणि हवेत नाक वर करून म्हणाले, "भात कोणं शिजवला?"

मलाही आला. गरम, वासाच्या तांदळाचा भात. नुकतं झाकण काढल्यासारखा. मैलभर कुणाची चूल नाही. बाबा वाकले, मोहाच्या तिरप्या खोडाखाली तोंड नेलं आणि झटक्यात मागे आले. वास तिथून येत होता. खोड ओलं होतं. खाली, दवानं भिजलेल्या मातीत, पंजा.

नंतर मी वाचलं. वाघ आपली हद्द आखताना झाडावर जो फवारा मारतो त्यात तेच रसायन असतं जे बासमतीला वास देतं. रतनलाल ब्रह्मचारी नावाच्या बंगाली शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. पण त्या सकाळी आम्हाला एवढंच कळलं की ती आमच्या धुऱ्यावर आली, थांबली, सही केली आणि गेली. मोहापासून मचाण दीडशे पावलं.

"माह्या सशाले आली का, बाबा?"

बाबा पंजाकडे बघत होते. "नाही. तिचा रस्ताच हाये हा. जुनाच असन." आणि मग, जरा वेळानं, "धुरा पाहाले आली."

मी पंजाचा फोटो काढला, शेजारी माझं पाकीट ठेवून. सोमवारी आमची वेचणी ठरली होती. आई आणि गावातल्या सहा बाया. सीतादही व्हायचं होतं, पहिल्या वेचणीला वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आम्ही. बाबा म्हणाले, फोटो पाठव. मी पाच मिनिटं फोन हातात धरून उभा होतो. मग पाठवला. तळावर आमच्या गावचा एक जण रोजाने जायचा, त्याच्याकडे. दोन तासांत गाडी आली. पंजा लांबट आहे, मादी, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोहासमोरच्या सागाला कॅमेरा लागला. आईची वेचणी पुढे गेली.

शेवटच्या आठवड्यात जे झालं ते सगळ्या जगानं वाचलं. केल्विन क्लाइन कंपनीचं ऑब्सेशन फॉर मेन हे अत्तर जंगलात शिंपडलं. आमच्या पारावर या बातमीवर जेवढं हसू झालं तेवढं त्या वर्षी कशावरच झालं नाही, पण त्यामागे वेड नव्हतं. जवादी मांजराच्या वासासारखा एक घटक त्यात आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात बऱ्याच अत्तरांपैकी याच्याशी चित्ते सगळ्यात जास्त वेळ घुटमळले, आणि ग्वाटेमालात याच अत्तरानं जग्वार कॅमेऱ्यासमोर आणले होते. अत्तरासोबत आणखी एक गोष्ट शिंपडली गेली, जिच्यावर कुणी विनोद केला नाही. दुसऱ्या वाघिणीचं मूत्र.

शुक्रवार, २ नोव्हेंबर २०१८. राळेगावच्या बाजारातून परतणाऱ्या लोकांना ती बोराटी-वरूड रस्त्यावर दिसली. रात्री अकराच्या सुमारास असगर अली खान यांच्या गोळीनं ती मेली. डार्ट आधी लागला का, ती अंगावर आली का पाठमोरी होती, रात्री का, डॉक्टर सोबत का नव्हते, यावर पुढे चौकशा झाल्या, वाद झाले, सिनेमासुद्धा आला. तिच्या आतड्यात अन्न नव्हतं, चार-पाच दिवसांची उपाशी होती, असं शवविच्छेदनाच्या बातम्यांत आलं. गावागावात फटाके फुटले, पेढे वाटले. मीही खाल्ला. आईनं त्या रात्री चार महिन्यांत पहिल्यांदा परसाकडे जाताना मला उठवलं नाही. हे लिहिताना मला कुणाची बाजू घ्यायची नाही, पण तो पेढा मला गोडच लागला होता, हे लपवलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

सकाळी मी बाबांना पेपर वाचून दाखवला. मूत्राच्या ओळीवर त्यांनी थांबवलं.

"पुन्हा वाच."

वाचलं.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. बाबांचा चुलत भावाशी धुऱ्याचा दावा नऊ वर्षं चालला. हात-दीड हात रुंदीची पट्टी, कापूस लावला तर दोन मण निघणार नाही एवढी. त्या नऊ वर्षांत माझी ताई शिकायची राहिली आणि विहीर खोल करायची राहिली. काका रात्री नांगर घालून धुरा सरकवतो, असा बाबांना संशय. कुणीतरी येऊन सांगायचं, तुमच्या वावरात बॅटरी दिसली. ताटावरून उठून, हात न धुता, चप्पल न घालता बाबा अंधारात निघायचे. आई दारात उभी राहून ओरडायची, अहो, साप असते, काटे असते. ते ऐकत नसत. एकदा खरंच विळा लागून रक्तबंबाळ होऊन आले होते.

पेपर ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "मी बी आलो असतो."

त्यांनी एवढंच म्हटलं. नंतर हा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. माझा फोटो कुठे पोचला, नकाशावर त्याची टाचणी लागली का, त्या टाचणीवरून कुणी काही ठरवलं का, हे मी कुणाला विचारलं नाही. तिच्या दोन बछड्यांपैकी मादीला डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेलं. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच ती दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत मेली. पेंचमध्ये ती जागा त्या दुसरीची होती. ही बातमी मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली. बाबांना फोन करून सांगावं असं वाटलं आणि नाही सांगितलं.

भाचा सुट्टीत आला की माझ्या मागे लागतो, मामा, ससा करून दाखव. घरात करतो. आबाजींच्या मांजरीची कितवीतरी पिढी येते आणि पायाशी शोधत बसते. वावरात नाही करत.

मागच्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. रात्रीचे साडेआठ, ही त्यांची फोनची वेळ नाही. पावसाचं विचारलं, नोकरीचं विचारलं. मग म्हणाले,

"मोहापाशी भात शिजला हाये आज."

"मग उद्याची वेचणी?"

"तुही माय आयकते का? बाया सांगून ठेवल्या म्हणते. डबे वाजवत जाऊ म्हणते, दहा वाजता, ऊन पडल्यावर."

मागून आईचा आवाज येत होता, ती कुणाला तरी डबा शोधायला सांगत होती, मोठा, गोड्या तेलाचा.